बेसबॉल आधी की बास्केटबॉल आधी?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीतील सहकारी आणि रविवारची दुपार मोडून आलेले पालक व मुले, सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांनी गेल्या महिन्यात फोन करून विषय विचारला, तेव्हा मला क्षणभरही थांबावे लागले नाही, कारण हा विषय गेली सात वर्षे माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. कॉलेजात दोन खेळ खेळणाऱ्या, आणि दोन्ही मनापासून व चांगले खेळणाऱ्या मुलाने बेसबॉलला अग्रक्रम द्यावा की बास्केटबॉलला, हा तो विषय. पत्रकावर प्रश्नचिन्ह छापले असले तरी माझे उत्तर ठरलेले आहे आणि ते मी आरंभीच सांगतो. दोन्ही खेळांत मुलाची गती जवळपास सारखी असेल, तर बहुतेक वेळा बेसबॉलला अग्रक्रम द्यावा. मात्र अग्रक्रम देणे म्हणजे बास्केटबॉल सोडून देणे नव्हे. यातला दुसरा भाग लोक ऐकत नाहीत, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

मी ओहायोत आल्याला ३१ वर्षे झाली. पुण्यात असताना मी क्रिकेट खेळलो आणि इथे आल्यावर १२ वर्षे लहान मुलांच्या बेसबॉल संघांना शिकवले. समोर बसलेल्या बापमंडळींपैकी निम्म्यांची मुले माझ्या हाताखालून गेली आहेत, तेव्हा मैदान, बेस आणि माउंड म्हणजे काय हे सांगण्यात मी वेळ घालवणार नाही. फक्त एवढे लक्षात आणून देतो की हा पेच आपल्याला अगदीच परका नाही. मद्रासचे एम. जे. गोपालन वेगवान गोलंदाजही होते आणि हॉकीतही देशाकडून खेळण्याइतके तयार होते; १९३५ साली ते ध्यानचंद यांच्याबरोबर न्यूझीलंडच्या हॉकी दौऱ्यावर गेले होते. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकची हॉकी आणि इंग्लंडचा क्रिकेट दौरा एकाच वेळी समोर आले, त्यांनी क्रिकेट निवडले, त्या दौऱ्यात त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, आणि हॉकीचा संघ सुवर्णपदक घेऊन परतला. गोपालन यांना पुढे कोणी या निर्णयाबद्दल विचारले असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे माझ्या मनात अनेकदा येऊन जाते. दोन खेळ येणे ही देणगी आहे, पण दोन्ही खेळ एकाच आठवड्यात दाराशी येऊन उभे राहिले की त्या देणगीचा भार होतो.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो, आणि इथे थोडा रेंगाळलो तर मला समजून घ्यावे. १९९७ च्या उन्हाळ्यात मी सिनसिनाटीला सामना पाहायला गेलो होतो. सान डिएगो पाद्रेसचा संघ आला होता आणि माझी जागा तिसऱ्या बेसच्या बाजूला होती. टोनी ग्विन बॅटिंगला उभा राहिला. वयाने ३७, अंगाने चांगलाच भरलेला, धावपटू वाटावा असे काहीही नाही. डावखुऱ्या ग्विनने बाहेरच्या कडेने आलेला चेंडू शेवटच्या क्षणापर्यंत येऊ दिला आणि मनगट किंचित वळवून तिसऱ्या बेसवरचा खेळाडू आणि शॉर्टस्टॉप यांच्या मधल्या फटीतून गवतावर सरकवला. तो फटका पाहून मी जागेवरून उठलो, कारण लहानपणी रेडिओच्या समालोचनातून आणि नंतर पडद्यावर गुंडप्पा विश्वनाथचा कट ज्याने अनुभवला आहे, त्याला चेंडू उशिरा खेळणारे मनगट लगेच ओळखू येते. शेजारचा गृहस्थ मला म्हणाला, तो हे रोजच करतो. त्या मोसमात ग्विनची सरासरी ०.३७२ होती, म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींमागे ३७२ हिट, अर्थात यशस्वी फटके.

ते मनगट आले कुठून, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ग्विन सान डिएगो स्टेट विद्यापीठात गेला तो बास्केटबॉलसाठी. तो पॉइंट गार्ड होता, म्हणजे संघाचा चेंडू पुढे नेणारा आणि बाकीच्यांना खेळवणारा. पहिल्या वर्षी तो फक्त बास्केटबॉल खेळला. बेसबॉलच्या मैदानावर तो उतरला दुसऱ्या वर्षापासून. गुणांसाठी सहकाऱ्याला चेंडू पोचवण्याचे, ज्याला इथे असिस्ट म्हणतात, त्याचे तिथले विक्रम त्याच्या नावावर लागले: एका सामन्यात १८, आणि कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मिळून ५९०. व्यावसायिक संघ नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात, त्या वार्षिक निवडीत १९८१ च्या जूनमध्ये बेसबॉलच्या पाद्रेसने त्याला तिसऱ्या फेरीत घेतले आणि बास्केटबॉलच्या सान डिएगो क्लिपर्सने दहाव्या फेरीत. दोन्ही संघ त्याच शहरातले. त्याने बेसबॉल धरला, १९८२ साली तो मेजर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर आला, आणि पहिला अपुरा मोसम सोडला तर पुढची सलग १९ वर्षे त्याची सरासरी ०.३०० च्या खाली कधी गेली नाही. एकूण ३,१४१ हिट, आठ वेळा फलंदाजीचे अजिंक्यपद, सगळी २० वर्षे एकाच संघात. निवृत्तीनंतर तो त्याच विद्यापीठात बेसबॉलचा प्रशिक्षक झाला आणि २०१४ साली मृत्यूने गाठेपर्यंत ते काम करत राहिला.

माझ्या विषयाच्या दृष्टीने यातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की ग्विन स्वतः बास्केटबॉलचे ऋण मान्य करत असे. चेंडू टप्पे देत नेण्याने मनगटे बळकट झाली आणि चटकन पाऊल टाकायची सवय लागली, ती बेसवर धावताना उपयोगी पडली, असे तो सांगे. ज्या पालकांना वाटते की दुसरा खेळ म्हणजे पहिल्यातून चोरलेला वेळ, त्यांनी ग्विनचे हे मनगट डोळ्यांसमोर ठेवावे. त्याने बास्केटबॉल चार वर्षे पुरेपूर खेळला, आणि निवड करायची वेळ आली तेव्हा पसंती बेसबॉलला दिली. मी अग्रक्रम म्हणतो तो हाच.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी खरे तर आज इथे उभा आहे. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाची आहे. तो आज सभागृहात नाही, पण त्याची परवानगी घेऊन बोलतो आहे.

माझा भाचा ६ फूट ३ इंच उंच, डावखुरा. शाळेत असताना बास्केटबॉलमध्ये गार्ड आणि बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. एका कॉलेजने, त्याचे नाव मी घेणार नाही, त्याला बास्केटबॉलसाठी पूर्ण शिष्यवृत्ती दिली. त्याच कॉलेजचा बेसबॉलचा कोच म्हणाला, तू आमच्याकडेही ये. आम्ही सगळे हरखून गेलो. बहिणीने पेढे वाटले. तेव्हाचे नियम असे होते की पहिल्या श्रेणीतल्या पुरुष बास्केटबॉल संघाला १३ पूर्ण शिष्यवृत्त्या असत, तर बेसबॉलच्या संघाला ११.७, आणि त्या ११.७ चे तुकडे करून ते २७ मुलांपर्यंत वाटायचे. म्हणजे बास्केटबॉलच्या मुलाला सगळे फुकट आणि बेसबॉलच्या मुलाला बहुधा पाव किंवा अर्धी मदत. शिवाय दोन्ही खेळणारा मुलगा बास्केटबॉलच्या हिशेबात धरला जाई, त्यामुळे बेसबॉलच्या कोचला तो आपल्या तुटपुंज्या वाट्यातला एक पैसाही न घालवता मिळे. हे गणित त्या वेळी मला फार सोयीचे वाटले. त्या गणितात एक खोच होती: ज्या कोचने मुलासाठी काही खर्च केलेला नाही, त्याचा मुलाच्या दिवसावर अधिकारही उरत नाही.

दुसऱ्या वर्षाचा फेब्रुवारी. तुम्हाला ठाऊक आहे, कॉलेजची बास्केटबॉलची स्पर्धा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. बेसबॉलचा मोसम फेब्रुवारीच्या मध्याला उघडतो. आमच्या भागात तेव्हा मैदानावर गुडघाभर बर्फ असते, म्हणून उत्तरेकडचे संघ पहिले चार-पाच आठवडे बसने दक्षिणेत जाऊन खेळतात. त्या शुक्रवारी बेसबॉलचा संघ साउथ कॅरोलिनाला निघून गेला. शनिवारी दुपारी दोन वाजता घरच्या मैदानावर बास्केटबॉलचा सामना होता. भाच्याने शनिवारी बास्केटबॉल खेळायचे आणि रविवारी दुपारी तिकडे पिचिंग करायचे, असे ठरले. कोणी ठरवले हे मला आजही सांगता येणार नाही. तिकीट मी काढले आणि त्याच्याबरोबर मीही निघालो.

सामन्यात तो २२ मिनिटे खेळला, कारण एका गार्डचा घोटा मुरगळला होता. एरवी त्याला आठ-नऊ मिनिटे मिळत. साडेपाचला आम्ही विमानतळावर पोचलो. बहिणीने दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी त्याने गेटजवळ बसून खाल्ली, आणि मग पिशवीतून स्पाइक्सचे बूट काढले. बुटांच्या तळाला लाल माती बसली होती, वाळून दगडासारखी झालेली. त्याने घराच्या किल्लीने ती खरवडायला सुरुवात केली आणि मातीचे पापुद्रे विमानतळाच्या गालिच्यावर पडू लागले. मी विचारले, ही माती कधीची? तो म्हणाला, ‘ऑक्टोबरची, मामा.’ मी मनात महिने मोजले. शरद ऋतूतला बेसबॉलचा सराव संपला, बास्केटबॉलचा सुरू झाला, आणि तेव्हापासून या बुटांनी माती पाहिली नव्हती. मधल्या चार महिन्यांत त्याने बंदिस्त सभागृहात, साध्या बुटांवर, जेमतेम सहा-सात वेळा पूर्ण जोराने चेंडू टाकला होता, तोही रात्री, बास्केटबॉलचा सराव आटोपल्यावर.

रविवारी काय झाले ते सांगायला फार वेळ लागत नाही. शाळेत असताना ज्याचा चेंडू ताशी ८८ मैलांनी जाई, तो ८४ वर अडकला. पहिल्या डावात दोघांना फुकट बेस दिले. दुसऱ्या डावात तो प्रत्येक चेंडूनंतर डावा हात खाली सोडून झटकू लागला. ही खूण मी १२ वर्षे लहान मुलांमध्ये पाहत आलो होतो आणि कुंपणाच्या अलीकडे बसून मला काहीही करता येत नव्हते. ४१ चेंडूंनंतर त्याला बाहेर काढले. कोपराच्या आतल्या बाजूचे लिगामेंट शाबूत निघाले, ही देवाची कृपा. हाताच्या स्नायूला मात्र ताण बसला होता आणि सहा आठवडे चेंडू टाकायला बंदी झाली. डाव्या हाताने पास देता येईना म्हणून बास्केटबॉलमधलीही जागा पुढच्या दोन आठवड्यांत दुसऱ्याकडे गेली.

माझी तक्रार दुखापतीबद्दल नाही. खेळात हात दुखतात. माझी तक्रार अशी आहे की त्या दोन कोचांची कार्यालये एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एकाच बोळात समोरासमोर होती, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात दोघांनी आपली वेळापत्रके एकदाही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली नव्हती. मी नंतर दोघांनाही भेटलो. दोघेही सज्जन माणसे. बास्केटबॉलचा कोच म्हणाला, बेसबॉलचे काय ते त्यांनी पाहायचे. बेसबॉलचा कोच म्हणाला, मुलगा त्यांच्या शिष्यवृत्तीवर आहे, मी काय बोलणार. १९ वर्षांचे पोर या दोन वाक्यांच्या मधल्या बोळात एकटे उभे होते, आणि ते कोणालाच नाही म्हणू शकत नव्हते, कारण दोघांनाही हो म्हणणे हाच त्याचा आजवरचा गुण होता.

आणि आता माझ्या वाट्याचे सांगतो. एप्रिलमध्ये त्याने मला विचारले, ‘मामा, काय करू?’ मी म्हणालो, ज्याने फी भरली आहे त्याचे ऐक. त्याने ऐकले. बेसबॉल तिथेच संपला. उरलेल्या दोन वर्षांत बास्केटबॉलने त्याला बाकावर बसवले. एक पैशाचेही कर्ज न होता त्याला सिव्हिल इंजिनिअरची पदवी मिळाली, आणि हे मी मुळीच कमी लेखत नाही. या खोलीतल्या प्रत्येक आईबापाला त्याची किंमत कळते. पण डावखुरा पिचर २० व्या वर्षी काय होऊ शकला असता, हे आम्ही कोणी पाहिले नाही, आणि तो सल्ला माझा होता.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, माझ्याजवळ दहा मिनिटे उरली आहेत. पत्रकात मी ज्याचे वचन दिले होते तो युक्तिवाद आता भराभर मांडतो.

पहिली बाब जागांची. एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे ३० संघ, प्रत्येकात १५ खेळाडू, म्हणजे ४५० माणसे. मेजर लीगचे ३० संघ, प्रत्येकात २६, म्हणजे ७८०. खरा फरक त्याच्या खाली आहे. एनबीएच्या निवडीत दोन फेऱ्या असतात आणि जास्तीत जास्त ६० नावे पुकारली जातात. ग्विनला ज्या दहाव्या फेरीत घेतले, ती फेरीच आता अस्तित्वात नाही. बेसबॉलच्या निवडीत आज २० फेऱ्या आहेत, म्हणजे ६०० हून अधिक मुले, आणि त्यांना सामावून घ्यायला मेजर लीग संघांशी जोडलेले १२० मायनर लीग संघ. तिथला पगार मोठा नाही, बसचे प्रवास लांबचे आहेत, आणि निवडलेल्यांपैकी बहुतेक जण वरपर्यंत पोचत नाहीत, हे मी लपवत नाही. पण तिथे शिकायला वेळ मिळतो. बास्केटबॉलमध्ये २२ व्या वर्षी मुलगा तयार नसेल तर त्याला परदेशी लीगचा रस्ता धरावा लागतो. बेसबॉलमध्ये २२ व्या वर्षी शिक्षण सुरू होते.

दुसरी बाब उंचीची, आणि आपल्या घरांत ती स्पष्ट बोलायला हवी. एनबीएतील सरासरी उंची साडेसहा फुटांच्या आसपास आहे. सहा फुटांचा मराठी मुलगा आपल्या शाळेत उंच दिसतो, पण त्या दारात तो ठेंगणा असतो. २०१७ साली अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला ५ फूट ६ इंचांचा होसे अल्टुवे, आणि मतदानात दुसरा आला ६ फूट ७ इंचांचा आरन जज. एकाच यादीत ही दोन शरीरे शेजारी बसू शकतात असा खेळ आपल्या मुलाला मिळत असेल, तर त्याचा विचार आधी करावा.

तिसरी बाब वेळेची, आणि इथे पिचर आणि बॅटर यांत फरक करावा लागतो. वेगाने येणारा, वळणारा चेंडू ओळखण्याची नजर सोडून दिली की परत येत नाही. मायकल जॉर्डनएवढे शरीर कोणाला लाभले आहे? १९९४ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, शाळेनंतर प्रथमच बॅट हाती घेऊन तो बर्मिंगहॅम बॅरन्सकडून १२७ सामने खेळला आणि त्याची सरासरी ०.२०२ राहिली. मायनर लीगच्या डबल-ए पातळीवर, इतक्या वर्षांनी, ती मला मुळीच लाजिरवाणी वाटत नाही, उलट थक्क करते; पण तो रस्ता उलट्या दिशेने किती कठीण आहे तेही ती सांगते. पिचरला थोडी अधिक सवड असते. ६ फूट ९ इंचांचा डावखुरा मार्क हेंड्रिक्सन चार मोसम एनबीएत खेळला आणि मग २००२ साली, २८ व्या वर्षी, मेजर लीगमध्ये पिचर म्हणून आला व दहा मोसम टिकला. म्हणून तुमचा मुलगा बॅटर असेल तर त्याची बॅट एकही हिवाळा बंद ठेवू नका. पिचर असेल तर हिवाळ्यात हाताला विश्रांती मिळणे चांगलेच आहे. तरुण पिचरांचा हात जपण्यासाठी तयार केलेल्या पिच स्मार्ट या मार्गदर्शिकेच्या सूचना १८ वर्षांपर्यंतच्या पिचरांना वर्षातून किमान चार महिने स्पर्धेतले पिचिंग बंद ठेवायला सांगतात, आणि त्या महिन्यांत बास्केटबॉलसारखा खेळ नाही. मात्र विश्रांती संपल्यावर हात पायरीपायरीने वर आणावा लागतो. माझ्या भाच्याने विश्रांती घेतली आणि मधल्या पायऱ्या वगळून थेट सामन्यात उतरला.

मोठ्या नावांपैकी डेव्ह विनफील्डला १९७३ साली तीन खेळांतल्या चार संघांनी मागितले होते. मिनेसोटा विद्यापीठात तो बास्केटबॉलही खेळला होता. त्याने पाद्रेस निवडले, एक दिवसही मायनर लीगमध्ये न घालवता वर गेला आणि ३,११० हिट करून थांबला. ड्यूक विद्यापीठाचा डिक ग्रोट १९५२ साली बेसबॉलच्या पायरेट्सकडून आणि त्याच हिवाळ्यात बास्केटबॉलच्या फोर्ट वेन पिस्टन्सकडून खेळला. त्याचे पहिले प्रेम बास्केटबॉल होते, पण पायरेट्सचा कारभार पाहणारे ब्रँच रिकी यांनी एकच निवडायला लावले, आणि १९६० साली तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. केनी लॉफ्टन १९८८ साली ॲरिझोना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत, गेला होता. पुढे बेसबॉलमध्ये त्याने ६२२ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला. आणि कॉलेजातले आकडे पाहून बेसबॉलला रजा देऊ नये, याचा सर्वांत मोठा दाखला जॅकी रॉबिन्सनचा आहे. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात तो चार खेळ खेळला, आणि बेसबॉलच्या त्या एका मोसमात त्याची सरासरी होती ०.०९७. सात वर्षांनी, १५ एप्रिल १९४७ ला, त्याच खेळात मेजर लीगमध्ये उतरून त्याने कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवणारी भिंत मोडली, आणि त्याने हा देश बदलला.

उलट बाजूचे पुरावेही मी प्रामाणिकपणे ठेवतो. डॅनी एंज १९७९ ते १९८१ टोरंटो ब्लू जेजकडून बेसबॉल खेळत असतानाच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा बास्केटबॉल खेळत होता, कारण एका खेळात व्यावसायिक झाल्यावरही दुसऱ्या खेळात कॉलेजकडून खेळायला एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेची, आडकाठी नसते. बेसबॉलमध्ये त्याची सरासरी ०.२२० राहिली, बॉस्टन सेल्टिक्सकडे जाऊन त्याने १९८४ आणि १९८६ साली अजिंक्यपदे मिळवली. त्याने बरोबरच केले. नोत्र दामचा पॅट कॉनाटन २०१४ साली बेसबॉलच्या ओरिओल्स संघाकडून चौथ्या फेरीत निवडला गेला, करार करूनही कॉलेजचे शेवटचे वर्ष बास्केटबॉल खेळला, पुढच्या वर्षी एनबीएत गेला आणि २०२१ साली मिलवॉकीबरोबर अजिंक्य ठरला. पण या दोघांच्या गोष्टीत एक गोष्ट सारखी आहे: दोघांनीही बेसबॉलचे दार आधी उघडून ठेवले आणि मग बास्केटबॉलकडे गेले. दोघांनाही बेसबॉल संघाने आधी निवडले होते.

पैशाचे एक वाक्य राहिले. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यात २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली आहे. आता बास्केटबॉलचा संघ १५ जणांचा आणि बेसबॉलचा ३४ जणांचा, आणि कॉलेजने ठरवले तर त्यातल्या प्रत्येकाला पूर्ण मदत देता येते. ठरवले तर. सगळी कॉलेजे ठरवत नाहीत, म्हणून कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या पत्रावर सही करण्याआधी दोन्ही कोचांकडून आकडा लेखी मागा. माझ्या बहिणीने ज्या नियमापुढे मान तुकवली, तो नियम तुमच्यापुढे त्याच रूपात उभा नाही.

भाषणाआधी चहाच्या टेबलापाशी एका अकरावीतल्या मुलाने मला विचारले की दोन कोचांपैकी आधी कोणाशी बोलू. तो मागच्या रांगेत बसला आहे, त्याला उत्तर देऊन बसतो. बाळा, आधी बास्केटबॉलच्या कोचशी बोल, कारण त्याचा सराव आधी सुरू होतो आणि तुझे दिवस त्याच्या हातात असणार आहेत. एकटा जाऊ नकोस, आईला किंवा बाबांना बरोबर घे. त्यांना सांग की तुझा अग्रक्रम बेसबॉल आहे आणि तरीही तुला त्यांच्यासाठी मनापासून खेळायचे आहे. मग दुसऱ्या कोचला त्याच खोलीत बोलावण्याची विनंती कर, आणि एक कॅलेंडर बरोबर ने. डिसेंबरपासून दर आठवड्याला कोणत्या दोन दिवशी तू माउंडवरून, पिचरच्या उंचवट्यावरून, चेंडू टाकणार, किती टाकणार, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारनंतर शनिवार कोणाचा, हे त्या कॅलेंडरवर दोघांच्या हस्ताक्षरात लिहून घे. जो कोच लिहायला तयार होणार नाही, त्याच्या कॉलेजचे पत्र घरी आणून मला दाखव, आपण बसून बोलू.